शेवटचा डबा

यमुनाआत्याला माणसांची तोंडं लक्षात राहत नाहीत, डबे राहतात. कुरुंद्यात तिची पिठाची गिरणी आहे. बाजारात तिला रामराम घातला तर ती विचारते, "तुमी कोणता डबा?" निळ्या झाकणाचा म्हटलं, की लगेच सुनेचं बाळंतपण, म्हशीचं दूध, सगळी चौकशी करते. आमच्या डब्याची कडी तुटलेली आहे, म्हणून मी कडीतुटकी. इतक्या वर्षांत तिनं मला नावानं हाक मारली नव्हती.

माझी रेणू आठ वर्षांची. डॉक्टरांनी स्वमग्न सांगितलं. ती कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. वसमतला शनिवारी एक मॅडम अशा मुलांचा वर्ग घेतात. रामराम कसा करायचा, आपला नंबर येईपर्यंत कसं थांबायचं, दुसऱ्याला नंबर कसा द्यायचा, हे खेळातून शिकवतात. जमलं की टाळी नाही, आवाजानं मुलं बिचकतात. दोन्ही हात वर करून हलवायचे. मॅडम म्हणाल्या, रेणू आपणहून दुसऱ्याला नंबर देईल तेव्हा गावच्या शाळेत बसवायचं बघू, तोवर रोज माणसांत सराव करा. मला स्वतःलाच माणसांत बोलायची लाज. कुठला सराव?

एकदा दळणाला जाताना तिला सोबत नेलं. गिरणीच्या आवाजानं ती कान दाबून किंचाळली. आत्यानं बटण बंद केलं. मग रेणू ओळीतल्या डब्यांवर एकेक बोट ठेवत गेली. आत्या बघत राहिली.

"हिला बी डबेच दिसतेत," ती म्हणाली. "बराबर हाय. तोंडात काय ठेवलंय?"

मी भीत भीत वर्गाचं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून चार वाजता अर्धा तास गिरणी बंद, फक्त डबे तोलायचे. आलेल्यानं डबा ओळीत ठेवायचा, रेणूला रामराम करायचा आणि तिचं उत्तर येईस्तोवर थांबायचं. उत्तर आलं की हात वर करून हलवायचे. कुणी कुरकुरलं की आत्या म्हणायची, "गडबड असंल तर जात्यावर दळा."

तीस एकरवाल्या बापूसाहेबांनी एकदा आपला डबा सगळ्यांच्या पुढं ठेवला. रेणूनं तो ओढत शेवटी नेला. वाटेत ज्वारी सांडली. बापूसाहेब म्हणाले, लेकराला आवरा. मी पदर तोंडाला लावून भिंतीला चिकटले.

"लेकरू बराबर हाय, बापूसाहेब," आत्या म्हणाली. "आन् तुमचा रामराम ऱ्हायला."

बापूसाहेबांनी रामराम केला. रेणूनं त्यांच्या डब्याकडे बघून उत्तर दिलं. तेव्हापासून बापूसाहेबच पोरासोरांना दटावतात, ओळ मोडू नका म्हणून.

दोन महिन्यांत रेणू रामराम शिकली. थांबायला शिकली. आपली वेळ आली की "माझा नंबर" असं ठणकावून सांगायची. दुसऱ्याला नंबर देणं मात्र काही केल्या येईना. मी रोज घरी घोकून घ्यायची, ती खाली बघत राहायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दारापर्यंत डबे लागले होते. आमचा नंबर आला. आत्या म्हणाली, "रेणू, घे माय, तुझा नंबर."

रेणू उठली आणि आमचा डबा सोडून थेट ओळीच्या टोकाला गेली. तिथं भिंतीशी एक लहान, बिनझाकणाचा डबा रोज असायचा. कुणाचा, ते आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या वतीनं रामराम करायला कधी कुणी आलं नव्हतं. रेणूनं तो दोन्ही हातांनी उचलून आणला, काट्यावर ठेवला आणि मान वर केली.

"आत्या, तुमचा नंबर."

कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. बापूसाहेबांचे हात आधी वर गेले, मग अख्ख्या गिरणीचे. बाया, म्हातारे, सगळे आवाज न करता हात हलवत होते. माझेही हात वर होते, पदर कुठं होता कुणास ठाऊक.

डब्यात दोन ओंजळी ज्वारी होती. एका माणसाच्या भाकरीपुरती. काट्याचा काटा जेमतेम हलला. आत्या त्याच्याकडे बघत राहिली. रोज सगळ्यांचं दळून झाल्यावर, शटर ओढायच्या आधी ती तेवढं दळायची, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आता तिनं बटणाकडे हात नेला आणि रेणूकडे बघून थांबली. रेणूनं स्वतःच कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "चालू."

गिरणी सुरू झाली. पीठ हातावर घेऊन आत्या माझ्याकडे वळली.

"सुमन," ती म्हणाली, "आज भाकरी खायला या दोघी."