वळणावळणावर रोस्ट

नकाशा वाचण्यात माझा हात धरणारा इंग्लंडातल्या अख्ख्या श्रॉपशर परगण्यात कोणी नाही, हे मी आमच्या सायकल क्लबात इतक्यांदा ऐकवलं होतं की शेवटी लोकांनी कंटाळून मला सहलीचा पुढारी केलं. तीस वर्षं हे काम नॉर्मननी केलं. आता त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला होता. दुसरं कोणी तयार नव्हतं. त्यामुळे या रविवारी गॉर्डननं, म्हणजे मी, घोळ घातला तर क्लब गुंडाळायचा, हे ठरल्यात जमा होतं. पण मी आणि घोळ? छे!

आमची पद्धत साधी आहे. वळण आलं की पुढाऱ्याच्या लगेच मागचा माणूस तिथं उभा राहतो आणि मागच्यांना वाट दाखवतो. सगळ्यांत शेवटी पिवळं जाकीट घातलेला माणूस येतो. तो दिसला की मगच हलायचं. हा नॉर्मनचा नियम, आणि आमच्याकडे नियम मोडण्यापेक्षा लोक भिजणं पत्करतात.

आम्ही नऊ जण होतो. बेरिलच्या पबमध्ये रविवारचे नऊ रोस्ट, म्हणजे भाजलेलं बीफ, बटाटे आणि वर गरम ग्रेव्ही अशी नऊ ताटं, आधीच सांगून ठेवले होते, कारण बेरिलचं स्वयंपाकघर दोनच्या ठोक्याला बंद होतं.

मी सुसाट सुटलो. दोन्हीकडे माणूसभर उंच झुडपांची कुंपणं, मधून चिंचोळा रस्ता, आणि प्रत्येक वळणावर मी ऐटीत हात करून एकेकाला उभं करत चाललेलो. पुढे पुढे मागचे आवाज बंद झाले. माझ्या वेगापुढे बिचाऱ्यांची दमछाक झाली असणार, असं मला वाटलं. एक वाजता पबच्या दारात पोचलो तेव्हा मी एकटाच होतो.

"बाकीचे कुठंयत, राजा?" बेरिलनं विचारलं.

येतीलच, म्हणालो. सव्वा वाजला तरी कोणी येईना. घाम पुसायला पिशवीतून रुमाल काढायला गेलो, तर हाताला पिवळं जाकीट लागलं. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

शेवटचा माणूस नेमायचाच मी विसरलो होतो! आठ वळणांवर आठ माणसं, जो येणारच नाही त्याची वाट बघत उभी होती. त्या भागात फोनलाही रेंज नाही. मला अक्षरशः रडू यायचं बाकी राहिलं.

बेरिलनं सगळं ऐकून घेतलं. "दोननंतर मी ताट वाढत नाही," ती म्हणाली.

"माहितीये."

"मग माझं तोंड काय बघतोस? ताटांवर फॉइल लाव. मी व्हॅन काढते."

पहिलं ताट रूपर्टला मिळालं. तो दातांचा डॉक्टर, पबपासून सगळ्यांत जवळच्या वळणावर उभा होता. मी घाईघाईनं पिवळं जाकीट चढवलं आणि त्याला म्हटलं, झालं, आता नीघ.

"शेवटचा माणूस मागून येतो," बटाटा चावत तो शांतपणे म्हणाला. "तू पुढून आलास."

तो काही हलला नाही. बाकीचेही हलले नाहीत. दगडी कठड्यांवर बसून सगळे आपापल्या वळणावर बीफ खात राहिले, आणि आम्ही उलटे उलटे जात पहिल्या वळणाशी पोचलो. तिथं नॉर्मन उभे होते. आम्ही निघालो तिथून जेमतेम अर्ध्या मैलावर!

दोनला पाच मिनिटं कमी होती. त्यांनी ताट चाटूनपुसून संपवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"गॉर्डन, तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

संपलं, मी मनात म्हटलं. गेला क्लब.

"ग्रेव्ही इतकी गरम," ते म्हणाले, "आणि गुडघा इतका गार. एकदाही कुरकुरला नाही."

पुढच्या महिन्यासाठी तेवीस जणांनी नावं दिलीत. एवढी नावं क्लबाच्या जन्मात आली नव्हती, आणि पुढारी मीच हवा असा सगळ्यांचा आग्रह आहे. नावापुढे प्रत्येकानं आपल्याला कुठलं वळण हवं तेही लिहिलंय. नॉर्मननी स्वतःच्या फाटकासमोरचं मागितलंय.

'सायकल आणणार का?' या रकान्यात मात्र फक्त माझ्याच नावापुढे 'हो' आहे.