ढोल्या यांनी जज्जसाहेबांना आत आणावे

जनावरांच्या दवाखान्यातला कॉम्प्युटरवाला सकाळीच म्हणाला, "आज बघाच माझी कमाल!"

ऐकणार कोण? सगळे कॉम्प्युटरच्याच कामाला आलेल्या नव्या पोरीभोवती! तिने बाहेरच्या स्क्रीनवर जज्जसाहेबांच्या कुत्र्यासाठी एक ओळ आणली होती, 'ढोल्या, आत ये!' एवढीच! तरी लोक टाळ्या पिटत होते. वर त्या पोरीने पहिल्याच दिवशी याला 'काका' म्हटलं होतं. तेव्हापासून त्याचा नुसता जळफळाट चालला होता. आणि नव्या शाखेचं सगळं काम दोघांतल्या कुणाला द्यायचं, ते डॉक्टरीणबाई आजच ठरवणार होत्या!

त्याने तिच्या ओळीच्या जागी भारदस्त वाक्य रचलं. नावांच्या जागी कंस ठेवले आणि कंसांत आकडे घातले. आकडा बघून कॉम्प्युटर नोंदीतली माहिती उचलतो आणि तिथे बसवतो. त्याच्या जुन्या नोंदीत आधी जनावर, मग मालक. पोरीने नवी नोंद कशी लावलीय, ते एकदा विचारायला हवं होतं. पण तिला विचारायचं? त्यापेक्षा जीव दिलेला बरा!

स्क्रीन लागला.

'ढोल्या यांनी जज्जसाहेब याला साखळी धरून आत आणावे. तक्रार : जेवताना गुरगुरतो.'

पोरीने नव्या नोंदीत आधी मालक लावला होता, मग जनावर!

निवृत्त जज्जसाहेब ताडकन उठले. ढोल्याही उठला, पण शेपूट हलवत.

"कुणाचा हा चावटपणा?" डॉक्टरीणबाई धावत आल्या.

कॉम्प्युटरवाल्याला आयती संधी मिळाली. "हिचाच स्क्रीन! मी तर हातसुद्धा लावला नाही!"

पोरीचा चेहरा पडला. तेवढ्यात जज्जसाहेबांच्या पत्नी पदर तोंडाला लावून खो खो हसू लागल्या.

"अगं, चाळीस वर्षं हेच सांगतेय मी! कुणी लेखी दिलं नव्हतं! ये गं, पाठ थोपटू दे तुझी!"

सगळे हसले. शेवटी जज्जसाहेबही गुरगुरत हसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठरलं! नवी शाखा हिच्याकडे!"

"थांबा! ते वाक्य माझं आहे!" कॉम्प्युटरवाला ओरडला. "आई शप्पथ, ती चूक मीच केली!"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे कीव करत पाहिलं. "किती जळावं माणसाने! आता तिच्या चुकासुद्धा हव्यात तुम्हाला?"

"असू दे हो," पोरगी हळूच म्हणाली. "काकांना पाणी द्या कुणीतरी."