आबांचा शेरा

"दरखास्त कुठाय? दरखास्तीबिगर लेक भेटायची न्हाई," आबा ओट्यावर उभे राहून ओरडायले होते. खाली अंगणात आमचे दाजी एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात छत्री धरून उभे होते. बहीण साडी नेसून, मायच्या गळ्यात पडून, रडून मोकळी झाली होती. बैल जुंपलेले होते. सेलूकडं जाणारी गाडी पूर्ण्याहून सुटायला दीड तास राहिला होता आणि बैलगाडीला तिथं पोचायला दीड तासच लागायचा.

"मामा, मी जावई हाय तुमचा," दाजी म्हणाले.

"मग? जावई हाय म्हणून कायदा मोडता का?"

शेवटी दाजींनी माझ्या वहीचं पान घेतलं, बैलगाडीच्या चाकावर टेकवलं आणि लिहिलं, 'मेहेरबान आबासाहेब यांचे सेवेशी, अर्ज करतो की अर्जदाराची बायको आपल्या ताब्यात दोन महिन्यांपासून आहे, ती परत मिळावी.' आबांनी अर्ज मोठ्यानं वाचून घेतला. मग जाकिटाच्या खिशातून पेन काढून खाली उजवीकडून डावीकडं काहीतरी खरडलं आणि म्हणाले, "आता जावा. निकाल मागून कळवू."

निकाल बाजारच्या दिवशी कळला. 'मंजूर. मात्र दिवाळीस परत आणणे.' तोवर बहिणीला सेलूत जाऊन पाच दिवस झाले होते आणि तिच्या सासूनं तिच्याकडून घर दोनदा सारवून घेतलं होतं.

आमचे आबा म्हणजे माणिकराव. ताडकळसच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावात आमची बेताची जमीन. पण घर बेताचं नव्हतं, घर म्हणजे तहशील होती. निजामाच्या काळात आबांनी तहशील कचेरीत बदली चपराशी म्हणून अकरा दिवस काढले होते. त्या अकरा दिवसांवर त्यांनी पुढची चाळीस वर्षं आमच्यावर राज्य केलं. आमच्याकडं कामं व्हायची नाहीत, हुकमाची तामील व्हायची. जेवायला बसणं म्हणजे हाजिर होणं, आणि पानावरून उठणं म्हणजे बरखास्त. काही पाहिजे असलं की लेखी दरखास्त करायची. चप्पल तुटली, करा दरखास्त. जत्रेला जायचंय, करा दरखास्त. माझ्या बायकोनं शिट्टीच्या कुकरसाठी केलेली दरखास्त दोन पानी होती. त्यातलं दीड पान माझ्याविषयी होतं, ते आबांनी पुन्हा पुन्हा वाचून घेतलं.

फक्त मायनं उभ्या जन्मात कागद दिला नाही. "मी काय तुमची नौकर हाय का?" असं म्हणून ती ठरल्या दिवशी माहेरी चालती व्हायची. आबा ती वेशीपलीकडं जाईपर्यंत थांबायचे आणि मग आम्हाला सांगायचे, "तोंडी अर्ज होता. मी केला मंजूर."

आमच्या सोन्या बैलानं एकदा ऐन पेरणीत बसकण मारली. आबांनी त्याला ना मारलं, ना ओढलं. समोर उकिडवे बसून त्याच्या डोळ्यांत बघत विचारलं, "रजा सांगितली व्हती का?" बैल उठला आणि संध्याकाळपर्यंत मान खाली घालून चालला. हे मी डोळ्यानं पाहिलंय. ज्यांना पटत नसेल त्यांनी बैलाला विचारावं. बैल आता नाही, ही गोष्ट वेगळी.

खरी गंमत शेऱ्याची होती. आबा स्वतःला 'चौथी उर्दू पास' म्हणवून घ्यायचे, आणि त्यांच्या वयाची आमच्याकडची बरीच माणसं उर्दूतच शिकलेली, त्यामुळं त्यात कुणाला नवल नव्हतं. मराठी अक्षराला ते हात लावत नसत. "मराठी मला बोलायला येती की. घरातच हाय ती, पळून जायलीय का कुठं?" त्यामुळं अर्ज मराठीत, शेरा उर्दूत, आणि घरात उर्दू वाचणारं कुणी नाही. आपला अर्ज मंजूर झाला का नामंजूर, हे कळायला ताडकळसच्या बाजाराची वाट बघावी लागायची. तिथं करीमचाचा शिंप्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक बाकडं, आणि वर पत्रा. चाचा आबांचे लहानपणचे सोबती. आम्ही कागद द्यायचा, चाचांनी चष्मा लावायचा, मशीन थांबवायचं आणि वाचायचं.

"'अर्जदाराच्या चपलेचा अंगठा गेलेला असला तरी तळ शाबूत आहे. सुगीपर्यंत ओढावे. नामंजूर.'"

"चाचा, एवढं सगळं ह्या बोटभर ओळीत?"

"उर्दू हाय बेटा. थोड्यात लय बसतं."

आमचा विश्वास होता. मी तर परभणीला नोकरीला लागल्यावर कचेरीत सगळ्यांना सांगायचो, की उर्दूसारखी काटकसरी भाषा जगात नाही. सरकारनं तीच वापरली तर निम्मा कागद वाचेल.

नामांतरावरून मराठवाडा पेटला होता, त्या वर्षांत आमच्या चावडीवरसुद्धा माणसं आवाज चढवून बोलायची. एकदा कुणीतरी आबांना डिवचलं, "तुमचं काय म्हणणं हाय, आबा? विद्यापीठाला नाव द्यावं का न्हाई?"

"दरखास्त कुणी केली?"

"त्या लोकांनी. लाखानं हायत."

"किती सालं झाली?"

"झाली की धा वर्षं."

"आन् कागद अजून पडून हाय?" आबांनी विडी विझवली. "लय वाईट. माझ्याकडं असता तर पुढल्या बाजाराला मंजूर झाला असता."

त्यानंतर महिनाभर आबांना तिथं कुणी बसायला जागा दिली नाही. आबांनी घरून पोतं नेलं आणि त्यावर बसले.

आबांना मराठी अर्ज वाचून दाखवायचं काम संगीकडं होतं. संगी म्हणजे थोरल्या दादाची पोरगी. आबा तिला 'पेशकार' म्हणायचे. तिसरीत असल्यापासून ती आबांच्या खाटेशी मांडी घालून घरातल्या मोठमोठ्या माणसांच्या मागण्या खणखणीत आवाजात वाचायची, आणि शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या तर अर्जदाराकडं मान वर करून बघायची. तिच्यापुढं मी सुद्धा चळचळा कापायचो. मी अर्ज कच्चा लिहून मग पक्का करायला लागलो, तो तिच्यामुळं. सरकारी नोकरीत मला पुढं जी काही शाबासकी मिळाली, तिचं श्रेय ह्या पेशकाराला आहे.

संगी दहावी झाली. मार्क असे पडले, की शाळेत मास्तर तिला बघून उभे राहायचे. थोडं जास्त सांगतोय, पण एक मास्तर नक्की उभे राहिले होते. तिला पुढं परभणीला शिकायचं होतं, आमच्याकडं राहून. दादाच्या मनात दुसरंच होतं. येलदरीकडचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा धरणावर नोकरीला आणि माणसं चांगली. "पुन्हा असं स्थळ यायचं न्हाई," दादा म्हणायचा. तो वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त पोरगी हातातली जाईल अशी भीती होती, आणि भीती वाटली की तो ठाम व्हायचा.

संगीनं दरखास्त केली.

त्या दुपारी मी गावातच होतो. आबा ओसरीत पडलेले होते. संगीनं नेहमीसारखी मांडी घातली आणि स्वतःचाच अर्ज वाचायला लागली. 'अर्जदार आपली नात असून तिला पुढे शिकण्याची इच्छा आहे. वडिलांचा विरोध आहे. तरी आपण विचार करावा.' एवढाच अर्ज होता.

"पुन्हा वाच," आबा म्हणाले.

तिनं पुन्हा वाचला. आबा उठून बसले, कागद मांडीवर घेतला आणि लिहायला लागले. एरवी शेरा म्हणजे दोन फटकारे असायचे. त्या दिवशी ते लिहीतच राहिले. एक अक्षर काढायचे, थांबायचे, छपराकडं बघायचे, आणि मग पुढचं काढायचे. कपाळावर घाम आला. कागद परत दिला तेव्हा म्हणाले, "जपून ठेव. बाजाराला ने."

बाजार चार दिवसांवर होता. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा जेवून पडले ते उठलेच नाहीत. मायनं तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "सगळ्यायकडून कागद घेतला, आन् आपण न सांगता गेले."

तेरावा झाला. येलदरीच्या मंडळींचा निरोप आला, की बोला आता. दादा म्हणाला, "आबांनी नामंजूरच केलं असंल. ज्या माणसानं साधी चप्पल नामंजूर केली, तो पोरगी परभणीला धाडंल?"

संगी म्हणाली, "कागद वाचू द्या. मग तुमी म्हणाल तसं."

मग मी, दादा आणि संगी तिघं बाजाराला गेलो. करीमचाचांनी आम्हाला बघितलं आणि बाकड्यावरचे कपडे उचलून जागा केली. येलदरीच्या स्थळाला काय कळवलं, एवढंच त्यांनी दादाला विचारलं. संगीनं कागद दिला. चाचांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. इतका वेळ ते कधी घेत नसत. दादाचं दोनदा खाकरून झालं.

"'अर्जदार हुशार आहे,'" चाचांनी वाचलं. "'तिला काकाच्या घरी ठेवून शिकवावे. लग्नाची घाई करू नये. स्थळे पुन्हा येतात. थोरल्याने आडवे येऊ नये. मंजूर.'"

"आडवं येऊ नये, असं लिव्हलंय?" दादानं विचारलं.

"हौ."

"माझं नाव घेऊन?"

"थोरला लिखे हैं. थोरला तूच ना?"

दादानं कागद हातात घेतला, त्या वळणांकडं बराच वेळ बघितलं, कपाळाला लावला आणि संगीला परत दिला. येलदरीला नकाराचा निरोप त्यानंच धाडला.

संगी आमच्याकडं आली, कॉलेजात जायला लागली. तो कागद तिनं गणिताच्या पुस्तकात ठेवला होता. दिवाळीच्या आधी एकदा आमच्या गल्लीतले एक म्हातारे मास्तर घरी आले, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. मला फुशारकी मारायची सवय. संगी कॉलेजात होती, मी पुस्तकातून कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "मास्तर, आमच्या वडिलांचं उर्दू बघा."

मास्तरांनी बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"ह्याच्यात मजकूर नाही," ते हळू म्हणाले. "मुळाक्षरं आहेत. अलिफ, बे, पे, ते… अशी ओळीनं खे पर्यंत. मग संपलं. अक्षर लहान पोराचं वाटतं."

मी त्या रविवारी गावी जाऊन माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातले जुने अर्ज काढले. माझी चप्पल, बायकोचा कुकर, दाजींची बायको, सगळ्यांच्या खाली तीच तीन अक्षरं. अलिफ, बे, पे. आता मला ती ओळखू यायला लागली होती. खे पर्यंतची ओळ फक्त संगीच्या कागदावर होती. आबांना जेवढं येत होतं तेवढं सगळं त्यांनी तिच्यासाठी लिहिलं होतं.

पुढच्या बाजाराला मी एकटाच ताडकळसला गेलो. चाचा कुणाच्या तरी सदऱ्याला काज करत होते. मी कागद पुढं धरला.

"चाचा, ही नुसती अक्षरं हायत."

"हौ."

"तुमाला माहीत होतं?"

"एकाच मौलवीकडं जायचो आमी." सुई चालूच होती. "माणिक का बाप उसे महिनाभरात काढून घिऊन गेला, गुरं राखायला. खे झाला होता. दुसरे दिन दाल शिकवणार होते. लय रडला. त्यानंतर ह्या उमरपर्यंत कुणाला बोलला न्हाई, मी पण न्हाई."

"मग इतकी वर्षं शेरे कोण देत होतं?"

"वोईच. कुणाचं नामंजूर करायचं असलं, तर माणिक त्या बाजाराला सकाळी सकाळी यायचा, कारण सांगून जायचा. आया नै तो मंजूर समझना, असं ठरलं होतं आमचं. लय येळा यायचाच न्हाई. शब्द मी लावायचो."

मी बाकड्यावर बसलो. पुढचं विचारावं का नाही, ते मला कळत नव्हतं, आणि न विचारता उठणंही जमत नव्हतं.

"पण चाचा," मी म्हटलं, "संगीच्या खेपेला आबा येणार तरी कसे होते? ते तर गेले होते."

चाचांनी दातानं दोरा तोडला.

"आया नै ना," ते म्हणाले. "मंजूर."