सासूबाईंकडची नववी प्रत

"उद्या पाहुण्यांना नोंदीसुद्धा दाखवू," साहेब म्हणाले, आणि जावयाच्या हातातला चहा पँटवर सांडला.

या गृहस्थाला ऑफिसात दुसरं नाव असेल, पण गोष्ट त्याच्या सासरी संपते, म्हणून जावईच म्हणू. दोन वर्षं खपून त्याने एक प्रोग्राम बनवला होता. फाइलींमध्ये कुणी काय बदललं ते हा प्रोग्राम लक्षात ठेवायचा आणि त्यांच्या प्रती आठ गावांतल्या आठ कॉम्प्युटरांवर पोचवायचा. एक जळला तरी सात शिल्लक. प्रत्येक बदलासोबत एका ओळीची नोंद लिहावी लागे, आणि तिथेच याची खोड नडली. नोंदीत तो मनातलं लिहायचा. 'साहेबांना अक्कल नाही, तरी बटण हिरवं केलं.' 'साहेबांना अजूनही अक्कल नाही, बटण पुन्हा निळं.'

उद्या हे पडद्यावर दिसलं की नोकरी गेलीच! त्याने घाईघाईने पुसण्याचा हुकूम सोडला. कोणती नोंद पुसायची, तेवढं सांगायचं राहिलं. प्रोग्राम पडला आज्ञाधारक. चार सेकंदांत आठही ठिकाणी सगळं साफ. खुद्द प्रोग्रामही तिथेच ठेवलेला होता, तोही गेला.

मग जावयाला एकदम आठवलं, नववी प्रत! मठ्ठ कॉम्प्युटरवर चालतं का ते बघायला त्याने गुपचूप सासूबाईंचा जुना लॅपटॉप जोडून ठेवला होता. तसाच ओल्या पँटीने तो टॅक्सीत बसला.

"आई, लॅपटॉप चालू आहे?" त्याने दारातूनच विचारलं.

"कसला चालू! नुसता घरघरतो मेला. सोमवारपासून बंद करून ठेवलाय. का हो?"

"देव पावला! हात लावू नका. आधी नेट बंद करतो, नाहीतर पुसायचा हुकूम इथेही पोचेल." त्याने राउटरची वायरच उपटली.

मग सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, तिथल्या प्रतीतून साहेबांवरच्या नोंदी डोळ्यांत तेल घालून एकेक वेचून काढल्या, आणि नोकरी वाचली या आनंदात तो आत पाणी प्यायला गेला. परत येतो तर सासूबाई चष्मा लावून लॅपटॉपपुढे.

"आई, ते सगळं कामाचं आहे. कंटाळाल."

"छे हो, चांगलं रंगलंय! साहेबांना नुसती अक्कल नाही म्हटलंय. माझ्यावर चौदा नोंदी आहेत." त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "'सासूबाई राहायला आल्यात. डोकं उठलंय. जमेल तेवढं केलं.'"

"ते... चाचणीपुरतं होतं."

"असेल. मग मीपण चाचणीपुरती येते. परवापासून, पंधरा दिवस."

"पंधरा? पण परवा आमच्याकडे..."

"साहेबांचा फोन नंबर आहे हो माझ्याकडे. तुमच्या लग्नात घेतला होता."

"पंधरा दिवस कशाला, आई? चांगल्या महिनाभर राहा की!"

"बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर," सासूबाई म्हणाल्या आणि लॅपटॉप पिशवीत भरू लागल्या.