गायकवाडांची आल्टो

आमच्या शेजारचे सायमन गायकवाड रोज सकाळी सात वाजता गॅलरीत उभे राहून ओठ फडफडवायचे. ब्र्र्र्र्र. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, खाली कुणाची रिक्षा चालू होत नाहीये. वाकून बघितलं तर रिक्षा नव्हती. शेजारी हा माणूस, बनियनवर.

"ओठांचा व्यायाम आहे, ताई. गळा गरम होतो."

"मग चहा प्या की," मी म्हटलं.

हे अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर होते. रिटायर झाले, बायको वारली, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने आले. जन्मभर चर्चमध्ये गायले, आता घरी विलायती गाणं शिकवतात. शिकायला येते एकटी कोमल, उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या कापडवाल्याची मुलगी. तिला सांगतात, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा गळा उघड. मग दोघं मी-मे-मा-मो-मू करत एकेक सूर चढतात आणि उतरतात. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये राहून चढण्या-उतरण्याची हौस फिटत नाही म्हणजे कमाल आहे.

श्वासाचा व्यायाम त्याहून वाईट. स्स्स्स्स, तीस मोजेपर्यंत. दोनदा मी धावत जाऊन सिलिंडर बंद केला. केमिकल कंपन्यांच्या गावात असला आवाज काढू नये, एवढी अक्कल फिटरला हवी.

पण माझं डोकं फिरायचं ते त्यांच्या थांबण्याने. एक ओळ गायची आणि गप्प. संपलं म्हणून मी सुटकेचा श्वास टाकावा, तर पुन्हा सुरू. विचारलं तर चार बोटं दाखवली.

"चार मात्रा थांबायचं, ताई. मोजून. थांबणं पण गाणंच असतं."

"मग सगळं थांबणंच गा ना."

आणि रडगाणं एकच. "आल्टो होती तेव्हा या ओळीला मजा होती." "आल्टो गेली आणि घर रिकामं झालं." इथे येण्याआधी चाळीत राहणारा फिटर गाडी कुठे लावत होता, देव जाणे. बायकोचं नाव कधी तोंडात नाही, रडतो गाडीसाठी. पुरुषाची जात, म्हटलं, दुसरं काय.

शेवटी मी तक्रार केली. रविवारी खाली मीटिंग भरली. सेक्रेटरी म्हणाले, "गायकवाड, गाणं बंद करा, लोकांना त्रास होतो."

गायकवाड उभे राहिले. "सकाळची पंधरा मिनिटं तेवढी राहू द्या, साहेब. बाकी सगळं सोडतो. आल्टो गेल्यापासून तेवढंच उरलंय."

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अहो, आल्टो गेली तर दुसरी घ्या! सेकंडहँड मिळतात ढिगाने."

सगळे हसले. गायकवाडांनी माझ्याकडे बघितलं, मग तेही हसले, जरा उशिराने.

"नाही मिळत, ताई," ते म्हणाले. "ते मॉडेल बंद झालं."

पंधरा मिनिटंही मिळाली नाहीत. आठ दिवस शेजार गप्प होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

नवव्या दिवशी जिन्यात कोमल भेटली. तोंड उतरलेलं. मी म्हटलं, "काय गं, तुझे सर गाडीसाठी अजून रडतात का?"

"कौनसी गाडी, आंटी?"

"आल्टो."

"आंटी, आल्टो मतलब गाडी नाही. बायकांचा खालचा आवाज. माझा वरचा आहे, सोप्रानो. सरांच्या घरात आल्टो म्हणजे मार्था आंटी. त्यांची वाइफ. सर एक ओळ गायचे, दुसरी ती. वो बीच में रुकते हैं ना? ती तिची ओळ आहे."

मी पिशवी उचलली आणि घरात आले.

माफी मागितली नाही. मागून ते 'दुसरी घ्या' परत पोटात जाणार होतं का? सेक्रेटरींकडे जाऊन तक्रार मागे घेतली. ते म्हणाले, "काकू, तुमचं काही कळत नाही." म्हटलं, "मलाही उशिराच कळतं." मग गायकवाडांचं दार वाजवलं.

"उद्यापासून सातला सुरू करा. दूध कधी तापवायचं ते कळेनासं झालंय."

"त्रास होईल, ताई."

"होऊ दे."

दुसऱ्या दिवशी मी दूध गॅसवर ठेवलं. भिंतीपलीकडे त्यांनी एक ओळ गायली आणि थांबले. एक, दोन, तीन, चार. चौथीपर्यंत शाळा झालीय, तेवढं मोजता येतं. मोजेपर्यंत दूध उतू गेलं.