घटलेल्या दीर्घिका

आमच्या थळच्या लेलेतात्यांना ‘कसं काय?’ विचारलं, की उत्तर ठरलेलं. ‘‘घटल्या हो, फार घटल्या!’’

मासळीवाली हिराबाई लगेच मान डोलावायची. ‘‘व्हय तात्या, यंदा मासळी न्हायच.’’

‘‘मासळी नव्हे गं, दीर्घिका!’’

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट समूह. काहींच्या पोटातलं कृष्णविवर भोवतालचा वायू गिळतं आणि दोन्ही अंगांनी लांबच लांब झोत फेकतं. तात्यांना पडलेली चिंता फक्त या झोतवाल्यांची.

तात्या निवृत्त चित्रकला शिक्षक. विज्ञानाशी संबंध आला तो प्रदर्शनाचे फलक रंगवण्यापुरता. पण एकुलती मुलगी, मृणाल, याच विषयात संशोधन करायला जर्मनीला गेली आणि तात्यांनी झोत मनावर घेतले. रेवसच्या लाँचमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला ते लग्नपत्रिकेच्या पाठीवर आलेख काढून दाखवायचे.

‘‘हे बघा, आधी थोड्या. मग वाढत वाढत गेल्या, आणि विश्व ऐन तारुण्यात असताना कळस! तिथून उतरणच. बलाढ्य होत्या त्या विझल्या. किरकोळ तेवढ्या तग धरून आहेत.’’

‘‘का पण?’’

‘‘खायलाच उरलं नाही!’’

तो माणूस निमूटपणे आपला डबा पिशवीत सारायचा.

गेल्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे कोकमाचं आगळ द्यायला गेलो. तात्या ओटीवर बसले होते. पुढ्यात वही, तीत मृणालला विचारायचे चार प्रश्न, सुवाच्य अक्षरात. आठवडाभर वाचून ते तेवढे जमवत. फोन नुकताच संपला होता.

‘‘काय म्हणते मृणाल?’’

‘‘तिनं ते संशोधन सोडलं. दोन वर्षं झाली म्हणे. विमा कंपनीत असते.’’

‘‘अहो, पण दर रविवारी तुमचं बोलणं...’’

‘‘मला वाईट वाटू नये म्हणून उत्तरं शोधून द्यायची. आज म्हणाली, बाबा, आता नाही होत माझ्याच्यानं.’’

‘‘मग?’’

‘‘म्हटलं, बरं. मग विचारलं, जेवलीस का. जेवली होती.’’

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

‘‘मला त्या दीर्घिकांची गोडी कधीच नव्हती हो. पोर एवढ्या लांब गेली, तिच्याशी बोलायचं काय, म्हणून शिकलो.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘पुढच्या रविवारी काय विचारू?’’