घरी खोललेली सायकल

माणसाला स्वावलंबनाची ओढ साधारणपणे सेवानिवृत्तीनंतर अठराव्या दिवशी लागते. धायरीचे निवृत्त हेडक्लार्क दिगंबर आगटे यांना ती सतराव्याच दिवशी लागली, कारण सोसायटीच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला संतोष त्यांना म्हणाला, "काका, ठेवून जा. उद्या बघू."

तीस वर्षे लोकांना 'उद्या या' सांगत आलेल्या माणसाला हे ऐकवणे म्हणजे अधिकारक्षेत्रात घुसखोरी होती.

"सायकलीत असतं काय एवढं?" दिगंबरराव चार लोकांदेखत म्हणाले. "रविवारी सोसायटीची खडकवासल्याला फेरी आहे. स्वतः दुरुस्त केलेल्या सायकलवर मी सगळ्यांच्या पुढे असेन. तुझ्या दारात ही पुन्हा दिसली तर बोल."

संतोषने नुसती मान डोलावली. (ती मान दिगंबररावांना आठवडाभर जेवताना दिसत होती.)

पूर्वतयारी चोख झाली: एकेचाळीस व्हिडिओ, अकरा पाने, एक नवी फाइल. बुधवारी हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरून सायकल खोलण्यात आली. खोलण्याचे काम अपेक्षेआधीच पूर्ण झाले, याची नोंद घ्यावी. मागच्या चाकातून छर्रे निघाले अठरा, मोजणीअंती भरले सतरा. (एक सोफ्याखाली गेला. त्याला हजर धरण्यात आले.) शिवाय काही सुधारणा हाती घेतल्या: गुबगुबीत सीट, मोबाइलचा स्टँड आणि वेग दाखवणारे एक यंत्र. ते प्रामाणिकपणे शून्य दाखवत राहिले.

"अहो, पाहुणे आले तर बसवायचे कुठे?" हेमाताईंनी विचारले.

"आपल्याकडचे पाहुणे उभ्याउभ्याच येतात."

शुक्रवारी फक्त डावे पेडल जोडायचे उरले. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते उलटेच पिळावे लागते. एकेचाळीसपैकी हा व्हिडिओ दिगंबररावांनी 'एवढं येतं' म्हणून पुढे ढकलला होता. पेडल जाईना, तेव्हा त्यांनी पान्यावर उरलेल्या आयुष्याचा जोर लावला. कर्रकन आवाज झाला आणि आटे गेले.

संतोषकडे जाणे अशक्य होते. म्हणून शनिवारी सकाळी, जिथे आपल्याला कुत्रेही ओळखत नाही अशा विश्रांतवाडीत, पोत्यात गुंडाळलेली सायकल टेम्पोने दाखल झाली. तिथल्या सुखदेव नावाच्या सायकलवाल्याच्या दुकानापुढे नऊ गृहस्थ उभे होते. प्रत्येकाजवळ एकेक पोते. वर पाटी होती: 'घरी खोललेल्या सायकली फक्त शनिवारी. मित्राची आहे असे सांगू नये.'

रांगेत तिसरे सोसायटीचे चेअरमन अवधूत साने होते. दोघांनी एकमेकांना न ओळखण्याचा ठराव एकमताने मंजूर केला.

"डावं पेडल सरळ पिळलं ना?" सुखदेवने पोते उघडताच विचारले.

"मी नाही हो. माझा एक—"

सुखदेवने पाटीकडे बोट दाखवले.

रविवारी दिगंबरराव खरोखरच सर्वांच्या पुढे होते. कोपऱ्यावर संतोष उभा होता.

"काका, मस्त झालीय."

"सगळं घरीच."

"दिसतंय की. चेनला हे निळं ग्रीस एकटा सुखदेव लावतो. मेहुणा आहे माझा." संतोष मान डोलावत म्हणाला, "पाटीवरचं अक्षर माझं."

वाचकांनी जरूर हसावे. मात्र त्याआधी आपल्या घरातला तो ड्रॉवर उघडावा आणि मिक्सर पुन्हा जोडून झाल्यावर उरलेला तो स्क्रू हातात घ्यावा.

मित्राचा आहे असे सांगू नये.